व्यसनातून बाहेर पडलेल्यांसाठी साधना-शिबिराची जागा: वर्षभराच्या कामाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

जागा ठरली. भोर तालुक्यात भाटघर धरणाच्या कडेच्या एका गावात, जुन्या मठाची धर्मशाळा. सहा खोल्या, मधे चौक, पुढे ओसरी, मागे पडवी, दोन संडास, एक मोरी. भाडं महिना ९,००० रुपये, अनामत २७,०००.

शिबिर कुणासाठी, हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर होणार आहेत. ज्यांची दारू किंवा दुसरी नशा उपचार घेऊन सुटली आहे, घरी जाऊन काही महिने झाले आहेत आणि संध्याकाळ झाली की जीव कासावीस होतो, अशा माणसांसाठी तीन रात्री, चार दिवस. व्यसनमुक्ती केंद्रात दारू सुटते. घरी गेल्यावर दारूच्या वेळेचं काय करायचं, हा प्रश्न तसाच राहतो. त्या वेळेला प्रार्थना, बसणं, बोलणं, अंगमेहनत यांची सवय लागावी, एवढंच या जागेचं काम.

जागा बघताना पाच गोष्टी तपासल्या: एसटी थेट येते का, मोबाइलला रेंज आहे का, सरकारी रुग्णालय अर्ध्या तासात गाठता येतं का, दारूचं दुकान किती लांब आणि उघडी विहीर किंवा पाणी किती जवळ. शेवटचा मुद्दा सहसा कुणी बघत नाही. दारू सुटल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत अपराधीपणा उसळून येतो, जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येऊ शकतो. मठाच्या मागच्या विहिरीचा कठडा गुडघ्याएवढा आहे. त्यावर लोखंडी जाळी बसल्याशिवाय पहिला माणूस राहायला आणायचा नाही, असं ठरलं.

२६ जानेवारी

ग्रामसभेत विषय मांडला. पहिली प्रतिक्रिया अपेक्षितच होती: ‘गावात बेवडे आणून ठेवणार का?’ इथे भाषण करून उपयोग नव्हता. तीन गोष्टी सांगितल्या. येणारा प्यायलेला नसेल, कुणालाही जबरदस्तीने आणलं जाणार नाही आणि प्रत्येक शिबिराच्या आधी येणाऱ्यांची संख्या पोलीस पाटलांना कळवली जाईल. नावं मात्र कळवणार नाही, हेही तिथेच स्पष्ट केलं. बचत गटाच्या बायका उठून बोलल्या तेव्हा सभेचा सूर बदलला. स्वयंपाकाचं काम त्याच गटाला द्यायचं ठरवलं. गावातल्याच दोघी रोज चुलीपाशी असल्या की आत काय चालतं याच्या अफवा पसरत नाहीत.

१९ फेब्रुवारी

कागदपत्रांत एक महिना गेला, आणि तो टाळता आला असता.

पहिली चूक भाडेकराराची. पाच वर्षांचा करार करायचा म्हणून मसुदा तयार केला. मठ हा सार्वजनिक न्यास आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. हे कळेपर्यंत स्टँप पेपर आणि वकिलाची फी मिळून ६,५०० रुपये गेले होते. शेवटी अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स केला. मठ, देवस्थान किंवा धर्मशाळा घेणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत धरल्या आहेत. अशा रुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या संस्थेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. इथे उपचार होणार नाहीत, औषध दिलं जाणार नाही, दाराला कुलूप नसेल, जो तो आपल्या मर्जीने येईल आणि केव्हाही जाऊ शकेल. हे चार मुद्दे प्रवेशाच्या फॉर्मवर ठळक छापले. सल्ल्यासाठी तालुक्याच्या गावचे एक डॉक्टर आणि पुण्यातल्या एक मानसोपचारतज्ज्ञ फोनवर उपलब्ध राहतील असं लेखी ठरवून घेतलं.

१० मार्च

पाणी. दररोज माणशी ६० लिटर धरून २,००० लिटरची टाकी पुरेल असा हिशेब केला होता. चाचणी म्हणून कामाची दहा माणसं दोन दिवस राहिली. सकाळी सात वाजता टाकी रिकामी. संडास, अंघोळ, कपडे, भांडी मिळून माणशी १०० लिटर तरी लागतातच. नशेतून बाहेर आलेल्या बऱ्याच जणांना सकाळी दोनदा-तीनदा संडासला जावं लागतं, हे वेगळंच. १,००० लिटरची आणखी एक टाकी चढवली (७,२०० रुपये). सगळ्यांत आधी उठणारा माणूस पहाटे साडेचारला मोटर लावेल असं ठरलं.

संडास दोनाचे चार केले. शोषखड्ड्यासह ८६,००० लागले, अंदाज ५५,००० चा होता. फरक पडला तो खडकामुळे: चार फुटांवर काळा पाषाण लागला आणि ब्रेकर आणावा लागला. खड्डा खणायच्या आधी शेजाऱ्यांना त्यांच्या खड्ड्याचा अनुभव विचारा, फुकटात कळतं.

गरम पाण्यासाठी सोलरचा विचार सोडून दिला आणि तांब्याचे दोन बंब घेतले, जुने, १३,६०० ला. भोरकडे पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसतं. शिवाय पहाटे बंब पेटवणं हे एक काम आहे, आणि झोप न लागलेल्या माणसाला पहाटे चारला काहीतरी काम लागतं.

३० मार्च

आजवरचा खर्च: जाळी १४,५००, टाकी ७,२००, संडास ८६,०००, बंब १३,६००, काथ्याच्या १६ गाद्या २०,०००, आसनं ५,६००, भांडी ११,४००, वायरिंग १८,०००. एकूण १,७६,३००, त्यावर अनामत २७,०००. अंदाजपत्रक सगळं मिळून १,३०,००० चं होतं.

पाटीची चूक इथेच नोंदवतो. रंगाऱ्याला ‘साधना निवास’ लिहायला सांगितलं होतं. त्याने आपणहून खाली ‘व्यसनमुक्ती केंद्र’ असं जोडलं. चांगलं दिसतंय म्हणून तसंच राहू दिलं. तीन आठवड्यांत चार कुटुंबं माणूस घेऊन दारात आली. एकाला जीपच्या मागच्या सीटला पंच्याने हात बांधून आणलं होतं. त्याचे हात सोडवून, पाणी देऊन, कुटुंबाला जवळच्या रुग्णालयाची वाट सांगितली. त्याच संध्याकाळी पाटी चुन्याने पुसून टाकली. तुमच्या दारावर जे लिहिलंय, ते मागायलाच लोक येणार.

२ मे, गुरुवार. पहिलं शिबिर, पहिला दिवस

नावं १२, आले ११. प्रवेशाची अट ‘किमान २१ दिवस नशा नाही’ अशी ठेवली होती. चौकशी फोनवर केली, पण बऱ्याचदा फोनवर बोलणारा भाऊ किंवा बायको असायची.

साडेपाचचा चहा. ओसरीवर सगळे ओळीने बसलेले. एका शिबिरार्थीने बशी उचलली आणि कप बशीवर टिकटिक वाजायला लागला. त्याने बशी खाली ठेवली, कप दोन्ही हातांनी धरला. चहा काठावरून सांडून अंगठ्यावर आला तरी त्याला चटका जाणवला नाही. त्याला बाजूला घेऊन विचारलं. सकाळी निघताना ‘ही शेवटची’ म्हणून क्वार्टर घेतली होती, आणि त्याआधीही रोज चालूच होती. भावाने एकवीस दिवस सांगितले होते, कारण नाहीतर घेणार नाहीत अशी त्याला भीती.

त्याच वेळी गाडी काढायला हवी होती. ‘रात्रभर बघू’ असं ठरलं, ही या वर्षातली सर्वांत मोठी चूक. रात्री दीड वाजता तो भिंतीवरच्या मुंग्या झाडत होता. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. जीपने पस्तीस मिनिटांत रुग्णालय गाठलं. दाखल करून घेतलं आणि तो वाचला. चौथ्या दिवशी तिथून व्यसनमुक्ती केंद्रात गेला.

हे काम करू बघणाऱ्यांनी एवढं पाठ करून ठेवावं. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवलं की सहा-आठ तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, ताप, घाम अशी अवस्था येऊ शकते. त्यात माणूस दगावू शकतो. हा काळ डॉक्टरांच्या देखरेखीतच काढायचा. नामस्मरणाने किंवा ध्यानाने तो निघत नाही. फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा, कांदा, चप्पल काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. हे स्वयंपाकाच्या मावश्यांसकट सगळ्यांकडून करून घेतलं.

३ मे

मौनाचा प्रयोग फसला. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरातलं मौन डोळ्यांसमोर होतं. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा पूर्ण मौन, पंचेचाळीस मिनिटांच्या चार बैठका असा बेत होता. तिथलं मौन दहा दिवसांच्या शिस्तीत, शिकवलेल्या पद्धतीसकट आणि आचार्यांच्या देखरेखीत असतं. इथे नुसतं मौन उचललं होतं. दुपारी दोनला एक जण पिशवी भरून एसटीच्या थांब्यावर. दोघं गोठ्यामागे विडी ओढत. एक जण डोळे मिटले की वडिलांच्या अंत्यविधीला प्यायलेलो होतो तेच दिसतं, म्हणून रडत होता आणि बोलायची परवानगी नाही म्हणून तोंडावर टॉवेल दाबून बसला होता.

तीन वाजता मौन मोडलं. डोळे मिटून बसणं बारा मिनिटांवर आणलं, तेही ज्याला जमेल त्याने. ज्याला जमत नाही त्याने चौकात अनवाणी सावकाश फेऱ्या मारायच्या. मौन आता फक्त रात्री साडेनऊ ते सकाळी सात. त्या वेळेतही जो जागा असेल त्याच्याशी बोलायला मोकळीक.

६ मे

पहिल्या शिबिराचा आढावा. दुसऱ्या रात्री एक जण गडग्यावरून उतरून गेला आणि पिऊन आला. देशीचं दुकान १.८ किलोमीटरवर, हे माहीत होतं. दीड किलोमीटरच्या आत एका घरात हातभट्टी मिळते, हे माहीत नव्हतं. त्याला ते माहीत झालं. रात्री बाहेर काढलं नाही, वेगळ्या खोलीत एक माणूस सोबत ठेवून झोपू दिलं, सकाळी डॉक्टरांशी बोलून घरच्यांच्या हवाली केलं. हा नियम कायम ठेवला: प्यायलेल्या माणसाला रात्री दाराबाहेर काढायचं नाही, आणि शिबिरातही ठेवायचं नाही.

बदललेल्या गोष्टी:

प्रवेशाची अट ६० दिवस, आणि केंद्राच्या समुपदेशकाशी किंवा त्या माणसाच्या स्पॉन्सरशी (स्वतः दारू सोडून त्याला आधार देणाऱ्या जुन्या सोबत्याशी) बोलणं. फोन खुद्द त्या माणसालाच, तो एकटा असताना. शेवटचा पेला केव्हा, कुठली औषधं चालू, फिट आली होती का, मधुमेह आहे का, आत्महत्येचा विचार कधी आला का. हे पाच प्रश्न विचारायला वीस मिनिटं लागतात. चौदा जणांचे पाच तास होतात. सगळ्या शिबिरात यापेक्षा मोलाचे पाच तास नाहीत.

जागता माणूस: रात्री दहा ते पहाटे पाच, ओसरीवर, बत्तीपाशी, चहाच्या थर्माससह. दाराला कुलूप नाही. पण बाहेर जायला निघालेल्याला त्याच्यासमोरून जावं लागतं, आणि बहुतेक जण चहासाठी थांबतात.

जीप आणि ड्रायव्हर चारही दिवस मुक्कामी. दिवसाला १,००० रुपये.

सामानाची तपासणी दारातच, सगळ्यांची, सगळ्यांसमोर. माउथवॉश, आफ्टरशेव्ह, खोकल्याचं औषध, सॅनिटायझर बाहेर. आसवं-अरिष्टंही बाहेर: द्राक्षासव, अशोकारिष्ट यांत आंबवताना तयार झालेला अल्कोहोल असतोच, आणि होमिओपॅथीच्या थेंबांतही असतो. डायसल्फिराम (दारू पोटात गेली की त्रास व्हावा म्हणून दिलं जाणारं औषध) घेणाऱ्याला एवढासाही त्रास देऊ शकतो. त्यामुळे स्वयंपाकघरातून व्हिनेगर आणि चायनीज सॉसही हद्दपार. हात धुवायला साबण.

८ जून

तंबाखू. पहिल्या शिबिरात पूर्ण बंदी होती, आणि सगळ्या भांडणांचं मूळ तेच निघालं. सल्लागार मानसोपचारतज्ज्ञ म्हणाल्या, एका वेळी एक. आता गोठ्याच्या पलीकडे एक बाक ठेवलाय. विडी-तंबाखू तिथेच, जेवणानंतर आणि चहानंतर. ज्याला सोडायचीय त्याने २ मिलिग्रॅमचं निकोटिनचं च्युइंगम स्वतः आणावं. मिश्री लावणाऱ्यांना सकाळी बाकावर जायला लाज वाटते, ते मोरीत लावतात आणि मोरी तुंबते. यावर अजून उपाय सापडलेला नाही.

१३ ते १६ जून. दुसरं शिबिर, १३ जण

संध्याकाळचे चार ते आठ. या चार तासांवर आठवडाभर विचार केला होता. बहुतेकांची पिण्याची वेळ हीच. अंगाला घड्याळ लागलेलं असतं: चार वाजता जांभया, पाचला चिडचिड, सहाला पोटात खड्डा. पहिल्या शिबिरात नेमकी याच वेळात मोकळीक ठेवली होती आणि जेवण साडेआठला होतं. म्हणजे सगळ्यांत अवघड घटका रिकामी आणि उपाशी.

नवा क्रम असा. चारला चहा आणि मूठभर शेंगदाणे-गूळ. साडेचारला श्रमदान: बांध घालणं, लाकडं फोडणं, वाफे करणं, काहीही, पण घाम आला पाहिजे. सहाला गरम पाण्याची अंघोळ. साडेसहाला दिवा. सव्वासातला जेवण. आठला बैठक, ज्यात ज्याला बोलायचंय तो बोलतो आणि त्यावर कुणी सल्ला देत नाही. जेवण सव्वा तास अलीकडे आणलं, हा सगळ्या वर्षातला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी बदल.

दिव्यानंतर ज्ञानेश्वरांचा हरिपाठ, उभं राहून, टाळ घेऊन. पंचवीस-तीस मिनिटं लागतात. डोळे मिटून बसण्यापेक्षा हे कितीतरी जास्त जणांना मानवलं, कारण हात, पाय आणि आवाज तिन्ही कामाला लागतात. पाठ नसलं तरी मागून म्हणता येतं. सहा जोड टाळ, पखवाज गावातला.

पण तेरा जणांत दोन बौद्ध आणि एक मुसलमान होते, आणि पहिल्या संध्याकाळी ते तिघं पडवीत नुसते बसून राहिले. ही चूक आयोजनाची होती. दुसऱ्या दिवशी क्रम बदलला: दिवा लावल्यावर आधी दोन मिनिटं शांतता, ती सगळ्यांची. मग ज्याची जी उपासना. पडवीत त्रिशरण-पंचशील झालं. पाचवं शील सुरा-मेरय वगैरे मादक गोष्टींपासून दूर राहण्याचंच आहे, त्यामुळे त्या दोघांनी ते बैठकीत सगळ्यांना अर्थासकट समजावून सांगितलं. मगरीबची नमाज सूर्यास्तालगत असते, म्हणून पूर्वेकडची खोली त्या वेळेपुरती मोकळी ठेवली. शेवटची बैठक देवघरासमोरून हलवून चौकात आणली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांच्या आधारासाठी चालवलेल्या संघटनेच्या बारा पायऱ्यांत ‘आम्हाला उमगलेला ईश्वर’ असे शब्द आहेत, ते इथे जसेच्या तसे लागू केले.

अ‍ॅनॉनिमसबद्दल एक खबरदारी. ती संघटना आपलं नाव बाहेरच्या संस्थेला वापरू देत नाही आणि बाहेरची देणगीही घेत नाही. पत्रकावर ‘त्यांच्या सहकार्याने’ असं छापून झालं होतं. दोनशे प्रती बाद केल्या. तिथले सभासद स्वतःच्या नावावर येतात, मदत करतात, तेवढं पुरेसं आहे.

चौथी पायरी, म्हणजे स्वतःच्या वागण्याचा लेखाजोखा, रात्री जेवणानंतर लिहायला दिली होती. पहिल्या रात्री पाच जणांना झोप नाही. आता ती सकाळी नऊ ते साडेदहा, आणि लगेच नंतर कुणाशी तरी बोलायचं. ज्यांना लिहायची सवय नाही त्यांना वही देऊ नका, बाजूला बसून बोलू द्या. कोरी वही बघून माणूस शाळेतल्यासारखा घाबरतो.

औषधं: एकाने फिटच्या गोळ्या दोन दिवस घेतल्याच नव्हत्या. ‘देवाच्या दारात आलोय, गोळ्या कशाला.’ सुदैवाने काही झालं नाही. फॉर्मवर ओळ घातली: चालू औषध बंद करणार असाल तर येऊ नका. रात्री जागता माणूस प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, ‘गोळ्या झाल्या?’ झोपेच्या गोळ्या एकमेकांना दिल्या जात होत्या, म्हणून प्रत्येकाच्या कपाटाला छोटं कुलूप आणि किल्ली त्याच्याकडे. १४ कुलपं, १,१२० रुपये.

१६ जून, निरोपाचा दिवस

चौघांनी निघताना तुळशीची माळ घालायची इच्छा सांगितली. माळकरी दारूला शिवत नाही, त्यामुळे मागणी स्वाभाविक. माळ शिबिरात घालू दिली नाही. तीन दिवसांचं वातावरण, टाळाचा नाद, नवे मित्र यांत मन भरून आलेलं असतं. ते घरी गेल्यावर ओसरतं. त्यात एखाद्याचा तोल गेला तर दारूची लाज एक आणि माळ मोडल्याची दुसरी. त्या दुसऱ्या लाजेपोटी माणूस परत फिरत नाही, पीतच राहतो. सहा महिने थांबा, मग आपल्या गावच्या फडकऱ्यांकडून (वारकऱ्यांच्या फडाच्या प्रमुखांकडून) घाला, असं सांगितलं. दोघं नाराज होऊन गेले. निर्णय बदललेला नाही.

स्वयंपाकाचा हिशेब, १३ शिबिरार्थी आणि ५ कामाची माणसं धरून रोजचा: दूध ५ लिटर, साखर दीड किलो, पोहे दीड किलो, ज्वारीचं पीठ साडेतीन किलो, तांदूळ दोन किलो, डाळ सव्वा किलो, गूळ एक किलो. चहा दोनदा धरला होता, चारदा लागला, साखर दुसऱ्या दिवशी संपली. दारू सुटलेल्या माणसाला गोड लागतं, त्यावर आक्षेप घेऊ नका. फक्त मधुमेह असलेल्यांचा डबा वेगळा. एकादशीचा उपास शिबिरात ठेवत नाही: भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार गोष्टी घसरण्याच्या वाटा आहेत, आणि उपासाने त्यातल्या दोन आपल्या हातानेच उघडतात.

२ ते ५ ऑगस्ट. गटारीचं शिबिर, १४ जण

रविवारी ४ तारखेला आषाढी अमावास्या, दुसऱ्या दिवशी पहिला श्रावणी सोमवार. शिबिर मुद्दाम याच दिवसांत धरलं.

पावसाने वीज गेली ती एकतीस तास आली नाही. मोटर बंद. दोन्ही टाक्या भरलेल्या होत्या म्हणून शनिवार निभावला, रविवारी पन्हाळीखाली पिंपं लावून संडासाचं पाणी धरलं. बंबाने लाज राखली, पण लाकडं उघड्यावर होती, निम्मी भिजली. पडवीचा एक कोपरा आता लाकडांसाठी राखून ठेवलाय. शेजाऱ्याने जनरेटर देऊ केला, सोबत पेट्रोलचा कॅन. कॅन कुलपात ठेवला. पेट्रोल, थिनर, फेव्हिकॉल, व्हाइटनर हुंगण्याची सवय असलेले शिबिरार्थी असू शकतात, आणि फॉर्मवर ते लिहिलेलं नसतं.

रविवारी संध्याकाळी सातपासून खालच्या आळीत डीजे आणि मटणाचा वास. वाऱ्यावर वास थेट चौकात. कुणाला काही होत नाहीये असं दाखवण्यात अर्थ नव्हता. बैठकीत पहिला प्रश्न तोच ठेवला: वास आला तेव्हा अंगात कुठे काय झालं? कुणी म्हणालं जिभेच्या मुळाशी पाणी, कुणी म्हणालं हात आपोआप खिशाकडे गेला. असं बोलल्यावर ओढ ओसरताना दिसते, ती साधारण वीस-तीस मिनिटांत जाते. दहाला गरम खिचडी, नंतर बारापर्यंत कंदिलाच्या उजेडात भजन. जाग्रण एरवी टाळतो, त्या रात्री ते लागलं. सोमवारी सकाळी सगळे उशिरा उठले, वेळापत्रक दोन तास पुढे सरकवलं.

खर्च: जेवण १०,०८०, स्वयंपाकाची मजुरी ४,८००, लाकूड आणि गॅस २,३००, जीप ४,०००, किरकोळ १,२००. एकूण २२,३८०. माणशी साधारण १,६००. फी १,५०० ठेवली, तीन जणांना माफ. पहिलं शिबिर फुकट होतं. फुकट ठेवलं की घरचे नाव नोंदवतात. दीड हजार भरायचे म्हटलं की फोन स्वतः तो माणूस करतो.

२२ सप्टेंबर, रविवार

कुटुंबीयांचा दिवस. सकाळी नवरा-बायको, आई-मुलगा सगळ्यांना एकाच गोलात बसवलं. अर्ध्या तासात त्याचं कोर्ट झालं. वीस वर्षांचा हिशेब बाहेर आला, तो खराच होता, पण ऐकणाऱ्याला पेलण्याच्या पलीकडचा. दुपारी दोन गोल केले. बायकांचा गोल व्यसनी माणसाच्या घरात राहिलेल्या एका ताईंनी चालवला. तिथे प्रश्न नवऱ्याचा नव्हताच: झोप लागते का, स्वतःच्या नावाचं बँक खातं आहे का, रात्री दार वाजलं की छातीत धस्स होतं त्याचं काय करायचं. पुढच्या वेळी सुरुवातच दोन गोलांनी.

‘आता पिणार नाही ना?’ असं प्रत्येक आई विचारते. याला ‘नाही’ असं उत्तर द्यायचं नाही. किती जण टिकले याचा आकडाही म्हणून इथे देत नाही. फोन न उचलणाऱ्यांना टिकलेल्यांत धरलं की आकडा चांगला दिसतो, आणि तो खोटा असतो.

३१ डिसेंबर

थर्टी फर्स्टला शिबिर ठेवलं नाही. ज्यांची इथे यायची सर्वांत जास्त गरज, त्यांना त्या दिवशी रजा नाही: कुणी हॉटेलात वेटर, कुणी रिक्षा चालवतो, कुणी बंदोबस्तात. म्हणून दोन फोन ठेवले, संध्याकाळी सात ते रात्री एक. आधीच्या शिबिरांतल्या चार जणांनी दीड-दीड तासाच्या पाळ्या वाटून घेतल्या. नंबर आठवडाभर आधी सगळ्यांना कळवला.

एका फोनला आठनंतर आत रेंज राहिली नाही, तो घेऊन विहिरीच्या जाळीपाशी उभं राहावं लागलं. पुढच्या वेळी दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं. बोलणाऱ्याने उपदेश करायचा नाही, एवढंच ठरवून दिलं होतं. विचारायचं: कुठे आहेस, जेवलास का, तिथून निघता येतं का, घरापर्यंत फोन चालू ठेवतोस का.

२३ फोन आले, बरेचसे नऊ ते अकरामध्ये. शेवटचा १२ वाजून ५० मिनिटांनी, हॉटेलच्या मागच्या दारातून. टेबलांवरचे उरलेले पेले आवरायची पाळी त्याच्यावर आली होती. त्याला सांगितलं, मॅनेजरला सरळ सांग आणि भांडी घासायला माग. तो फोन चालू ठेवून आत गेला. थोड्या वेळाने नळाचा आवाज आला.

दोन फोनांचं रिचार्ज ३९८ रुपये.